बांधावर बसलेल्या सावित्राबाई

सावित्राबाईंना कुणी फुकट काही देऊ लागलं की त्या दोन पावलं मागं सरत. मी त्यांना पहिल्यांदा चहा दिला तो आमच्या ओट्यावर, १९२० च्या थंडीत. दुसऱ्या दिवशी पानाच्या द्रोणात आवळे घेऊन हजर. मग एकदा जुनं लुगडं दिलं, तर चार दिवस न सांगता येऊन माझी भांडी घासून गेल्या. मी तेव्हा नुकती विशी ओलांडलेली, लग्न होऊन लोणावळ्यात आलेली, वर मिशनच्या शाळेत मुलींना शिकवणारी. मला त्याचा रागच आला. म्हटलं, "मावशी, चहाच दिला होता, शेत नाही लिहून दिलं." त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटात गेला न्हवं? मग फेडाया नगं?"

त्या जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून ठेव असं आमचे हे, म्हणजे सोपानराव, मला किती दिवस सांगताहेत. सोपानराव लोणावळ्याच्या आमच्या लहानशा मंडळीचे पाळक. मंडळी म्हणजे काय, तर रेल्वेतली दहा-बारा कुटुंबं, बंगल्यांवरचे स्वयंपाकी, दोन आया, एक नर्स, आणि पत्र्याचं छप्पर नि शेणानं सारवलेली जमीन असलेलं एक चर्च. प्रवचनं ह्यांनी लिहावीत, माणसं मी लिहावीत, अशी आमची घरातली वाटणी आहे. तरी मी टाळत होते. कारण सावित्राबाईंचं सांगायचं तर त्यात माझंही थोडं सांगावं लागतं.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी महादेव कोळ्यांची एक वाडी आहे. पंधरा-सोळा घरं. सावित्राबाई तिथल्या. नवरा नथू एन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, १९१८ साली. एकच मुलगी, ती आंबीला दिलेली. भाताची दोन लहान खाचरं होती, त्यांवर वर्षातले सहा-सात महिने निघत. उरलेल्या दिवसांत त्या डोंगरातून वाळकं लाकूड गोळा करून लोणावळ्याच्या बंगल्यांवर मोळी विकायच्या. उंची बेताची, हाडं काटक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडं न बघता त्याच्या हातांकडं बघायची सवय. माणूस कामाचा आहे की नाही, ते त्या तेवढ्यात ओळखायच्या. माझे हात पाहून त्यांचं माझ्याविषयी काय मत झालं असेल ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी मोळी चर्चच्या भिंतीला टेकवून त्या ओट्यावर विसावायच्या. आत काय चाललंय ते कानावर पडायचं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी सोपानरावांना गाठलं.

"सायब, तुमच्या द्येवाला लागतं काय?"

"लागतं म्हणजे?"

"कोंबडं, नारळ, काय असंल त्ये."

"काहीच लागत नाही," सोपानराव म्हणाले.

सावित्राबाईंनी मोळीची दोरी आवळली. मग म्हणाल्या, "मंग त्यो लय महाग पडत असंल." मोळी डोक्यावर घेतली आणि गेल्या. मी हसले. सोपानराव हसले नाहीत.

तरी दोन वर्षांनी, १९२२ च्या उन्हाळ्यात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. का घेतला ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. खोदून विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "त्यो माज्याकडं बगतोय असं वाटाया लागलं. दुसरं कुनी बगत नव्हतं."

वाडीनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत की दगड मारले नाहीत. वाडीतला जाणता माणूस म्हणजे कोंडाजी, नथूचा थोरला चुलतभाऊ. त्यानं एवढंच सांगितलं, "तुजं घर तुजं, आमचं आमचं." या वाक्याचा अर्थ काय ते आषाढात कळलं, भाताच्या लावणीच्या वेळी. मावळात लावणी एकट्यादुकट्याचं काम नाही. म्हणून सावड असते. आज तुमच्या खाचरात माझे हात, उद्या माझ्या खाचरात तुमचे. दिवसाला दिवस, बैलजोडीला बैलजोडी, आणि दुपारची भाकरी ज्याचं खाचर त्याच्या घरची. आता सावित्राबाईंच्या घरची भाकरी वाडीला चालेना, म्हणून सावडही चालेना. त्यात त्यांनी भैरोबाच्या जत्रेची वर्गणीही द्यायचं बंद केलं होतं, ते कोंडाजीच्या मनात राहिलं.

त्यापुढं औंढ्याच्या एका शेतकऱ्याला मोळ्या घालून त्याच्या बैलांनी त्या चिखल करून घेत, आणि लावणी एकटीनं करत. लोकांचं दोन दिवसांत व्हायचं ते त्यांना अकरा दिवस पुरायचं. त्याबद्दल कुरकुर कधी ऐकली नाही.

पण सावडीची सवय अशी जाते होय? वाडीची सावड सुटली आणि बाईंनी देवाशी सावड धरली. हे मला फार उशिरा कळलं. आधी मला तो नुसता भाविकपणा वाटला. दर शनिवारी त्या दोन कोस चालून येत, चर्च झाडून सारवून काढत, एक मोळी आमच्या चुलीशी टाकत. कुणी आजारी असलं तर त्याच्या घरी पाणी भरत. त्यांच्या मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं तेव्हा त्यांनी लागोपाठ तीन दिवस चर्चच्या आवारातलं गवत काढलं. मी कौतुक केलं, तर म्हणाल्या, "त्यानं एक दिस माज्याकडं लावला, मी तीन लावलं. पोरीचं काम हुतं, म्हून जास्ती."

मग माझ्या लक्षात आलं की त्या प्रभुभोजनाला बसतात, पण घेत नाहीत. नेहमी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. प्रभूच्या आठवणीसाठी भाकरीच्या तुकड्यांची ताटली हातोहात फिरते. एखाद्या महिन्यात ताप आला किंवा पाऊस लागून राहिला आणि त्यांचा एक जरी शनिवार चुकला, की त्या दिवशी त्या दाराशी बसायच्या. ताटली आली की पदर पुढं ओढायच्या आणि ती शेजारणीकडं सरकवायच्या. मी विचारलं तेव्हा सहज म्हणाल्या, "माजा दिस चुकला न्हवं का. सावड फिटली न्हाई तर पानावर कशी बसू?"

सोपानरावांना हे सांगितलं तेव्हा ते हादरलेच. त्यांनी लागोपाठ तीन रविवार तोच विषय धरला. तारण कमवावं लागत नाही, प्रभूनं ते आधीच करून ठेवलंय, आपण फक्त विश्वासानं घ्यायचं. तिसऱ्या रविवारी तर त्यांचा आवाज भरून आला. सावित्राबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "लय ग्वाड सांगितलंत, सायब." आणि पुढच्या शनिवारी एका मोळीच्या जागी दोन आणल्या. एक मोळी त्या गोड प्रवचनाची.

इथं मला खरं बोललं पाहिजे. मी त्यांना कधी फार समजावलं नाही. चर्च सारवलेलं मिळत होतं, चुलीला लाकूड मिळत होतं. पाळकाच्या पगारात ती काही लहान गोष्ट नव्हती. त्यांची चूक आम्हाला सोयीची होती. "असते एकेकाची श्रद्धा," असं म्हणून मी तो विषय मिटवत असे.

एवढं सगळं त्या कशासाठी करत होत्या, ते एकदा दुपारी तांदूळ निवडताना त्यांनी मला सांगितलं. साथीत आधी सावित्राबाई पडल्या होत्या. नथूनं आठ दिवस त्यांची सगळी सेवा केली. मांडीवर डोकं घेऊन पेज पाजली, अंगाखालचं धुतलं, ओढ्यावरून पाणी आणलं. त्या उठल्या आणि नथू पडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं पाणी मागितलं. त्या पाणी आणायला उठल्या, पण अंगात त्राण नव्हतं, भिंतीला टेकल्या आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि नथू गेला होता.

"त्यानं आठ दिस लावलं," सावित्राबाई म्हणाल्या. "माज्याच्यानं एक तांब्या झाला न्हाई. ती एक सावड फिटायची ऱ्हायलीया, बाई."

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही आजारी होतात." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तांदूळ निवडायचं काम पुढं चालू झालं. त्या दिवसानंतर त्यांनी ताटली पुढं सरकवली की मला त्यांच्याकडं बघवत नसे. ही बाई म्हातारी होईल, हात थकतील, शनिवार चुकत जातील, आणि एक दिवस ती त्या दारातूनच कायमची निघून जाईल, तिच्यासाठी मांडलेल्या पानावर न बसता, असं मला दिसू लागलं.

१९३४ च्या जुलैत ती वेळ जवळजवळ आलीच. लावणीच्या तोंडाशी सावित्राबाई निसरड्या बांधावरून पडल्या आणि उजवा हात कोपराखाली मोडला. औंढ्याच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात गळ्यात अडकवला आणि दोन महिने हलवायचा नाही म्हणून सांगितलं. मुलीला आंबीहून येता येईना, तिची स्वतःची लावणी. इकडं रोपं तयार झालेली. भाताचं रोप वेळेवर काढून लावलं नाही तर ते जून होतं, त्याला मग फुटवे येत नाहीत. आठ-दहा दिवस हातात होते. त्यानंतर खाचरं पडीक, आणि बाईंच्या घरात पुढच्या वर्षी दाणा नाही.

रविवारी सोपानरावांनी हे मंडळीला सांगितलं आणि म्हणाले, आपण जायला हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी कुणाची इंजिनावर पाळी होती. मंगळवारी बंगल्यावर साहेबांचे पाहुणे होते. बुधवारी पाऊस फार होता. आणि मला शाळा होती. गुरुवारी माझंच मन मला खाऊ लागलं, तेव्हा मी शाळेतून रजा घेतली, पिशवीत नाचणीचं पीठ आणि दुखण्यावर चोळायचं तेल घेतलं, आणि छत्री सावरत वाडीची वाट धरली. लावणी मला येत नव्हती. जाऊन मी काय करणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

खाचरापाशी पोचले आणि जागच्या जागी उभी राहिले. बाईंच्या त्या दोन लहानशा खाचरांत चार बैलजोड्या चिखल करत होत्या. वीस-बावीस माणसं होती, घरटी एक तरी. बायका रोपं उपटून मुठी बांधत होत्या. नांगरामागं कोंडाजी होता, पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. बारा वर्षांत या माणसानं सावित्राबाईंच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

सावित्राबाई बांधावर इरलं पांघरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आनंद नव्हता त्यावर, भीती होती.

"हे काय, मावशी?" मी विचारलं.

"इर्जिक हाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "कुनी सांगितली न्हाई, सवरली न्हाई. सकाळी उटले तर बैलं आलेली."

इर्जिक म्हणजे काय ते मला ऐकून माहीत होतं. ज्याच्या घरावर काही ओढवलं, बैल मेला, माणूस पडलं, त्याच्या शेतावर अख्खी वाडी एक दिवस जाते. त्याची परतफेड नसते. धन्यानं फक्त त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं.

तेवढ्यात सावित्राबाईंनी इरलं खाली टाकलं, डाव्या हातात रोपांची एक मूठ घेतली आणि त्या खाचरात उतरल्या. कोंडाजीनं बैल थांबवले.

"मागं व्हय, सावित्रे."

"डावा हात हाय की मला, आबा. डाव्यानं लावती."

"इर्जिकीत धन्याचा हात लागत न्हाई."

"खाचर माजं हाय."

"हाय. म्हूनच सांगतोय. तू एक काडी जरी लावलीस तर ही इर्जिक ऱ्हात न्हाई. मंग ती सावड झाली. आन् तुज्याशी आमची सावड न्हाई. आमी बैलं सोडून घरला जातो."

तो रागावला नव्हता. रीत सांगत होता, एवढंच. पण बाकीचे तीन नांगरही थांबले होते, आणि वाकलेल्या बायका सरळ उभ्या राहिल्या होत्या. मला कळलं की हे खरंच निघून जातील. सावित्राबाई चिखलात पोटरीभर उभ्या, हातात हिरवी मूठ, आणि पाऊस त्यांच्या उघड्या डोक्यावर पडतोय. वाकायचं की बाहेर यायचं, एवढंच त्यांनी ठरवायचं होतं. एका बाजूला वर्षाचं अन्न होतं, दुसऱ्या बाजूला जन्मभराचा ताठ कणा. खरं सांगते, त्या वाकून रोप लावतील असंच मला वाटलं.

"मी काय केलं म्हून आलासा तुमी?" त्यांनी विचारलं. "तुमच्या थोरल्याला गोवर आलता तवा मी पानी भरलं, म्हून का?"

"त्ये कवाच फिटलं. मला आठवतबी न्हाई."

"आन् भैरोबाची वर्गनी?"

"ती तू दिली न्हाईस. बारा वर्सं. म्हाईत हाय मला."

"मंग?"

"मंग काय?" कोंडाजी म्हणाला. "तू काय केलंस म्हून आलो न्हाई. तुजा हात मोडला म्हून आलो."

सावित्राबाई किती वेळ तशा उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. मग त्यांनी ती मूठ शेजारी उभ्या असलेल्या अंबूबाईच्या, कोंडाजीच्या बायकोच्या, हातात दिली. डावा हात बांधाला टेकवून वर आल्या. आणि बसल्या. कोंडाजीनं बैलांना हाक घातली.

मला वाटलं, निदान जेवणाचं तरी मी बघावं. मी अंबूबाईला म्हटलं, "पीठ आणलंय मी. मावशींच्या चुलीवर भाकरी टाकते."

अंबूबाई हसली. "आमी घरनंच बांधून आनल्यात, बाई. तुमीबी बसा."

तिचं म्हणणं माझ्या लगेच ध्यानात आलं. सावित्राबाईंच्या चुलीवरचं त्यांना चालणारच नव्हतं. हे मी गोड करून सांगत नाही. दुपारी त्यांनी लांब आंब्याखाली बसून आपापली भाकरी खाल्ली आणि पाणी ओढ्याचंच प्याले. पण त्यातून झालं असं, की इर्जिकीत धन्याच्या वाट्याला जे एवढंसं उरतं, जेवू घालायचं, तेसुद्धा बाईंच्या हातून काढून घेतलं गेलं. त्यांना द्यायला काही म्हणजे काहीच राहिलं नाही.

मीही बसले त्यांच्याशेजारी. आयुष्यात इतका अवघड दिवस मी क्वचित काढलाय. आपल्यासाठी कुणी राबतंय आणि आपण बघत राहायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. बाईंचा डावा हात क्षणभर स्थिर राहीना. कधी लुगड्याचा काठ चुरगळी, कधी बांधावरचं गवत उपटी. दोनदा त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. दुपारनंतर मात्र तो हात हळूहळू मांडीवर उताणा पडून राहिला. समोर काळ्या चिखलावर हिरव्या ओळी वाढत चालल्या होत्या. पहिलं खाचर भरलं. दुसरं अर्धं झालं. वरून पाऊस, खाली वीस माणसांच्या पाठी, आणि त्या हिरव्या ओळी. आपण एखाद्या पवित्र जागी छत्री उघडून बसलोय, असं वाटून मी छत्री मिटली. का मिटली ते मला आजही समजावून सांगता येणार नाही.

दिवस मावळायच्या आत काम संपलं. कोंडाजीनं बैल धुतले. जाताना तो बाईंकडं न बघता म्हणाला, "पानी बांधावरून जाऊ दिऊ नगं." बस, एवढंच. सगळे गेले. आम्ही दोघी आणि ती दोन हिरवी खाचरं उरली.

"बाई," सावित्राबाई म्हणाल्या, "सायब बारा वर्सं ह्येच सांगत हुतं काय?"

मी मान डोलावली.

मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नथूनं आठ दिस माजं केलं, ती सावड नव्हती. मी पडलेली हुते, म्हून केलं त्यानं. व्हय ना?"

"होय, मावशी."

"मंग मी सोळा वर्सं कुनाचं फेडीत हुते?" आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं, लहान मुलीसारख्या, मोडका हात छातीशी धरून. मी त्यांना गप्प केलं नाही.

घरी येऊन मी सोपानरावांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी बारा वर्षं बोललो," ते म्हणाले, "आणि कोंडाजीनं एका वाक्यात सांगितलं." त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता. त्या आठवड्याचं लिहिलेलं प्रवचन मात्र त्यांनी फाडून टाकलं.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी तो रविवार सांगता येईल. वाडीनं त्यानंतरही बाईंना सावडीत घेतलं नाही. हात बरा झाला, पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा एकटीनं लावणी केली, अकरा दिवस लागले. कोंडाजी गेला तेव्हा त्या लांब उभ्या राहून रडल्या. आमच्याकडं मोळी येत राहिली, पण तिचा वार ठरलेला राहिला नाही. कधी लागोपाठ दोन दिवस येत, कधी महिनाभर फिरकत नसत. मी विचारलं, "आता कशाला आणता?" तर म्हणाल्या, "आनावीशी वाटली." काम तेच होतं, डोक्यावरचं ओझंही तेवढंच. पण आता त्या हातांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघून बोलायच्या. १९४३ च्या पावसाळ्यानंतर चार दिवसांच्या तापानं त्या गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांच्याच्यानं चर्चला येणं झालं नव्हतं, मोळीही आली नव्हती. तरी सोपानराव भाकर घेऊन वाडीवर गेले तेव्हा त्यांनी ती पडल्या पडल्या घेतली. "काय भ्या न्हाई," म्हणाल्या. मी तिथंच होते.

आता तो रविवार. ऑगस्टचा पहिला, इर्जिकीनंतरचा. बाईंचा हात गळ्यात, म्हणून चर्च सारवायला कुणी नव्हतं. शनिवारी मी स्वतः सारवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. कंबर भरून आली, नखांत शेण गेलं, पण जमीन छान दिसत होती आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. उपासनेत बसले तरी माझं निम्मं लक्ष त्या जमिनीकडं. पाळकाची बायको आणि सारवते, हे चार जणांनी पाहिलं होतं. मनातल्या मनात माझं प्रभूलाही ते दाखवून झालं होतं.

सावित्राबाई आल्या. मागच्या महिन्यातले त्यांचे चारही शनिवार चुकले होते. मोळी नाही, सारवण नाही, डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. त्या दाराशी थांबल्या नाहीत. बायकांच्या मधून वाट काढत पुढं आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. ताटली फिरू लागली तसं अवघं चर्च चोरून त्यांच्याकडं बघू लागलं. ताटली त्यांच्यापाशी आली. पदर पुढं आला नाही. त्यांनी तो चिखलानं भेगाळलेला डावा हात पुढं केला, उताणा, बांधावर होता तसाच. तुकडा घेतला. तोंडात टाकला. आणि डोळे मिटून हळूहळू चावत राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.

मग ताटली माझ्याकडं आली. त्या हातानंतर मला माझा हात पुढं करता येईना. मी इतकी वर्षं दर महिन्याला ही भाकर घेत आले होते, आणि प्रत्येक वेळी काही ना काही करून आले होते म्हणून घेतली होती. शाळा केली म्हणून. सोपानरावांचा संसार केला म्हणून. आज सारवलं म्हणून. एकदाही नुसती घेतली नव्हती. ताटली माझ्यापुढं तशीच थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

सावित्राबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, आणि मला एकटीला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "घ्या, बाई. नुसतं घ्यायचं हाय."